एक टोल जास्त

या, अशा जवळ सरकून बसा. मुलांना ॲन आर्बरला होस्टेलवर सोडायला येता, सामान उतरवता आणि तसेच हायवेने परत जाता. मी अर्ध्या तासावर राहते, हे ठाऊक असून? बरं, रागावत नाही. ऐका.

माझ्या घराशेजारी लूथरन पंथाचं छोटं लाकडी चर्च आहे. जर्मनीहून इथं अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानातले पाइन तोडून बांधलेलं. आधी तिथं प्रार्थना जर्मनमध्ये व्हायच्या, मग इंग्रजीत, मग महिन्यातून एकदाच, मग नाहीच. किल्ली तेवढी शेजारच्या आजींकडे उरली. त्यांचे खांदे गेले तेव्हा घंटेचा दोर त्यांनी माझ्या हातात दिला. गावात कुणी गेलं की वयाइतके टोल द्यायचे, ही तिथली रीत.

"मी हिंदू बाई, चालेल का?" मी विचारलं.

"घंटेला विचार," म्हणाल्या.

त्यांना एकच धास्ती होती, आपल्या वेळी घंटा मुकी राहील याची.

नाही राहिली. आजी गेल्या त्या जानेवारीतल्या दुपारी, सवयीने बूट दाराबाहेर काढून, गार फळ्यांवर नुसत्या मोज्यांनी उभी राहून मी एक्याण्णव टोल दिले. बाहेर आले तर समोरचे शेतकरी आजोबा टोपी हातात घेऊन उभे. चर्चचे शेवटचे सभासद आता तेच.

"एक जास्त झाला. नव्वदची होती ती."

"एक्याण्णवावं चालू होतं ना. आमच्याकडे चालू वर्ष धरतात."

"तिने जन्मभर दोन वर्षं लपवली, आणि तू एक वाढवलंस." हसले. मग बर्फाकडे बघत म्हणाले, "असू दे. तो माझ्यातला धर. मला एक कमी दे."

मार्चमध्ये ते गेले. पुरे शहाऐंशीचे. पंच्याऐंशीवर मी हात थांबवला. खोटं वाटेल, पण वर घंटा थांबली तरी दोर माझ्या मुठीत ओढ घेत राहिला. वर कुणीतरी वाट बघत असल्यासारखा. मी तशीच, बूट न घालता, बर्फातून घरी आले.

तेव्हापासून चर्चच्या दाराला हात लावताना मी आधी खाकरते. आत कुणी असेल तर कळावं.

मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. दोर धरता येणारी गावात मी एकटी. लेकाला म्हटलं, माझ्या वेळी कोण? तर म्हणतो, "आई, रेकॉर्डिंग करून ठेव ना." रेकॉर्डिंगला माझं वय कुठून कळणार?

तेव्हा लवकर माझ्याकडे या. राहायलाच या. दोर किती सैल सोडायचा, हे हातावर हात ठेवूनच शिकवता येतं, आणि माझ्या हातात अजून जोर आहे.