रुमालाखालची पाच बोटे

१९ मे २०१९, रविवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे. अकोल्यातील आमच्या बैठकीत वडील आणि अमरावतीहून आलेले त्यांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मोठे बाबा, समोरासमोर बसले, उजवे हात एकमेकांत दिले आणि त्यांवर लाल काठाचा रुमाल पसरला गेला. त्याखाली ठरणार होते ते असे: मी संशोधनासाठी बंगळूरला गेल्यावर माझ्या लग्नाचा विषय किती वर्षे काढायचा नाही. माझी मागणी पाचांची होती. त्याहून कमी वर्षांत माझी पीएचडी पुरी होण्याजोगी नव्हती.

या रीतीचा उगम मी शोधला आहे. १८६०च्या दशकात युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या आणि इथला भाव सकाळचा संध्याकाळी राहीना. आमचे एक पूर्वज तेव्हा कापसाचे दलाल होते. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून सौदा कापडाखाली होई: जितकी बोटे धरली तितका आकडा, पूर्ण पंजा म्हणजे पाच. पुढे उघडे लिलाव आले आणि बाजारातून ही पद्धत गेली. आमच्या घरात ती राहिली, किंबहुना फोफावली. सुनेने माहेरी किती दिवस राहावे इथपासून लोणच्यात तिखटाच्या किती वाट्या घालाव्यात इथपर्यंत सारे रुमालाखाली ठरते. बोलायचे नाही, आणि जो आधी हात काढेल, त्याला समोरच्याचा आकडा मान्य. हा शेवटचा नियम बहुधा आमचीच भर असावी.

रुमालही त्याच तेजीतला, अशी घरात श्रद्धा होती. बी.एस्सी.ला असताना मी त्याचा एक धागा जाळला. सुताची राख होते. याची वितळून गोळी झाली. तेव्हा मोठ्या आईने, मोठ्या बाबांच्या पत्नीने, शांतपणे सांगितले की मूळचा रुमाल इतर जुन्या कपड्यांबरोबर भांडेवालीला गेला आणि त्यात स्टीलचा डबा आला. तात्पर्य, कापसाच्या तेजीचा आमच्याकडील एकमेव अवशेष म्हणजे तो डबा. त्यात आम्ही साखर ठेवतो.

माझ्या बाजूने बसलेल्या वडिलांविषयी मला आशा नव्हती. त्यांना तळहाताला गुदगुल्या होतात, त्यामुळे ते पहिल्याच मिनिटात हात काढतात. त्यांच्या मिशा थरथरू लागताच मी म्हणाले की यापुढचा सौदा मी करीन.

मोठे बाबा म्हणाले, ‘‘बायांनं रुमालाखाली हात घालाची रीत नाई आपल्यात.’’

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, ‘‘वर्षं तिचे, मंग बोटं तुमची काऊन, भाऊजी?’’

माझा हात रुमालाखाली सरकल्यावरच वडिलांनी आपला काढला आणि कृतज्ञतेने जागा दिली.

मोठ्या बाबांनी माझी दोन बोटे दाबली. मी त्यांचा अख्खा पंजा धरला. त्यांनी परंपरेप्रमाणे छताच्या पंख्याकडे पाहिले आणि तीन केली. मी पंजा सोडला नाही. अर्ध्या तासाने आकडे तेच होते, फक्त हात जास्त घामेजले होते.

माझी भिस्त एका निरीक्षणावर होती. मोठे बाबा पहाटेच्या बसने, उपाशी निघाले होते. मी सकाळी दोनदा पोहे खाल्ले होते. पावणेबाराला आईने, माझ्याशी कसलेही संगनमत न करता, दोघांपुढे आमरस-पुरीची ताटे आणून ठेवली. मोठे बाबा डाव्या हाताने अन्नाला शिवत नाहीत.

त्यांनी चार केली. एक पुरी फुगलेली होती ती हळूहळू बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि बारा वाजून दोन मिनिटांनी हात बाहेर काढला.

‘‘घे, पोट्टे, घे पाच. रस गरम होऊन राह्यला.’’

मी माझ्या नोंदवहीत तारीख, सौद्याला लागलेला वेळ आणि ठरलेली वर्षे लिहिली. मोठे बाबा जेवून उठेपर्यंत वही उघडीच होती, म्हणून त्याखाली आणखी एक नोंद झाली. पुऱ्या: एकोणीस.