जाळीपुढचा कॅनव्हास

मी लष्करी वर्कशॉपचा हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. गाव पिंपळवंडी. शेवटचं पोस्टिंग लडाखला. तिथं पहाटे गाड्यांच्या जाळीपुढं कॅनव्हास बांधायचा, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ०९०० ला काढायचा. नियम माझाच. विसरणाऱ्याची मी बिनपाण्यानं करायचो.

त्या दिवशी ०८४० ला निरोप आला. दरड कोसळून सिपाही दत्ता जखमी, पोटाला मार. दत्ता आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, एकटे असलो की भाऊ. हॉस्पिटल खिंडीपलीकडं. त्याला अँब्युलन्समध्ये घेतलं, मीही चढलो.

०९१० ला खड्या चढावर, पहिल्या गिअरात गाडीनं दम सोडला.

"उस्ताद, पुल नहीं कर रही," ड्रायव्हर म्हणाला.

मागून दत्ता म्हणाला, "भाऊ, थांबलो का?"

"निघतोच."

टेंपरेचरचा काटा जागेवर होता. मी डिझेल फिल्टर पाहिला, पाइप चाचपले. मग पुढं आलो. कॅनव्हास तसाच! मीच बांधलेला. टर्बोची तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड व्हायची, पण त्याला वारंच नव्हतं. कॅनव्हास ओरबाडला. चढावर वेग नसतो, वारा फक्त पंखा ओढेल तेवढाच. तोही कडेनं निसटू नये म्हणून कॅनव्हासचे तुकडे करून इंटरकूलरभोवतीच्या फटींत कोंबले. गाडी चढली. अकरा मिनिटं गेली होती.

हॉस्पिटलच्या दारातच दत्तानं प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तरी वाचला नसता. मला ते आजही पटत नाही.

आता गावाजवळ माझं गॅरेज आहे. लोणी तासाभरावर. मी कधी गेलो नाही. भ्यालो, दुसरं काय!

परवा एक पिकअप आली. मालक म्हणाला, "पावणं, घाटात लई मरती वो. वेग कमी झाला की संपलंच."

जाळीपुढं भली मोठी पाटी होती. 'शहीद दत्ता, लोणी.'

"तुमचा कोण?"

"धाकटा भाव व्हता."

वारा अडवणारी ती पाटी मी उतरवली. इंटरकूलरच्या कडांना फोम लावला. पाटी केबिनच्या वर बसवली. मग हात पुसले आणि त्याला सगळं सांगितलं, अकरा मिनिटांसकट.

त्यानं वर हात करून पाटी घट्ट बसली का पाहिलं.

"शेवटी काय बोलला?"

"भाऊ, थांबलो का, एवढंच."

"आईला आजवर कुणी कायबी सांगितलं न्हाई. तुमी याल?"

मी गॅरेजचं शटर ओढलं आणि पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसलो.