येतो की

माझ्या धाकट्या भावाच्या व्हिडिओ गेममध्ये परग्रहावरचा एक सोबती होता. चार डोळ्यांचा, निळसर आणि महाहट्टी. बोलायचा कमी, फुगायचा जास्त. गेम बंद करायची वेळ झाली की पाठ फिरवून बसायचा. "अगदी तुझ्यावर गेलाय बघ," भाऊ म्हणायचा, आणि मी खरोखरच फुगायचे.

घरातून निघताना आमच्यात कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. त्या रुसलेल्या पाठीलाही भाऊ स्क्रीनकडे बघत मोठ्यानं तेच सांगायचा.

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीतून "येतो की" ऐकू आलं. मागे न वळताच मी म्हटलं, "ये." मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दुपारी कारखान्यात त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

तेरावा झाल्यावर मी त्याचा कॉम्प्युटर लावला. गेम उघडला, तर तो चार डोळ्यांचा पाठ फिरवून बसलेला, आणि कोपऱ्यात शेवटचं खेळल्याची वेळ त्याच सकाळची. म्हणजे त्या सकाळी निघण्याआधी भाऊ खेळला होता. मग ते 'येतो की' मला होतं, का ह्याला? मला त्या निळ्या पाठीचा असा राग आला की स्क्रीन फोडावीशी वाटली.

"तो न्हाय आता," मी त्याला सांगितलं. "कुणासाठी रुसून बसलायस?"

तो वळला नाही.

मी तरी कुठं वळले होते.