मागच्या सीटवरचं वजन

आईच्या डोळ्यांसमोरून एक चित्र काही केल्या हटत नव्हतं. वर हजार किलोची गाडी, खाली आपली लेक, आणि मध्ये एक जॅक. तो जॅक तिने कधी पाहिला नव्हता, पण रोज सकाळी डबा भरताना तो थोडासा सरकायचाच.

"गाडीखाली आधाराला स्टँड लावतेस ना गं?"

"चार लावते, आई."

"चारच?"

"गाडीला कोपरेच चार असतात."

ही मुलगी लहानपणापासून अशीच. आठ वर्षांची असताना तिने घरातलं शिलाई मशीन उघडलं, पुन्हा जोडलं आणि शेवटी एक स्क्रू उरला. मशीन आधीपेक्षा हलकं चालायला लागलं, तरी त्या उरलेल्या स्क्रूने आईची आठ दिवस झोप उडवली होती. पुढे इंजिनिअरिंग झालं, चांगल्या कंपनीत कॉम्प्युटरवर गाडीच्या भागांची चित्रं काढण्याचं काम मिळालं. दीड वर्षाने एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "मला चित्रातल्या नाही, खऱ्या गाडीला हात लावायचाय." आणि गेली पुलापलीकडच्या गॅरेजमध्ये.

त्याला आता आठ महिने झाले होते. तिथे सगळे तिला 'इंजिनिअरबाई' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. गॅरेजचे मालक, मोठे मिस्त्री, तिला चाकं काढायला देत, तेल बदलायला देत. गाडीखाली जायचं तर कुणाच्या तरी हाताखाली, पाने देण्यापुरतं.

आईचा थोरला भाऊ विम्याच्या ऑफिसात वरच्या खुर्चीवर होता. त्याने भाचीसाठी एक टेबल हेरून ठेवलं होतं. अर्ज आईच्या पर्समध्ये होता, फक्त सही हवी होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव, असं त्याने बजावलं होतं, आणि आईने मुलीला न विचारताच "करेल ती सही" असं सांगूनही टाकलं होतं. आशेला कारण होतं. मुलीच्या बॅगेत तिला लाल नेलपॉलिशची बाटली सापडली होती. पोरगी जरा नटायला लागली, म्हणजे गॅरेजचं भूत उतरतंय, असा तिने हिशोब केला.

तर त्या शनिवारी दुपारी आई अर्ज घेऊन थेट गॅरेजमध्ये पोचली.

दारात एक निळी गाडी उभी होती, मुलीपेक्षाही वयाने मोठी. तिचे मालक, शाळेतून निवृत्त झालेले सर, टोपी हातात घेऊन उभे होते. तीन आठवड्यांपूर्वी याच गॅरेजमध्ये गाडीच्या शाफ्टचे क्रॉस बदलले होते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या दोन टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस. तेव्हापासून वेग घेतला की गाडी थरथरत होती. चाकं तपासून झाली, टायर बदलून झाले, इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर जिथल्या तिथे.

"सर, गाडी म्हातारी झाली," मोठे मिस्त्री म्हणाले. "आपण नाही का थरथरत?"

"तीन आठवड्यांत म्हातारी झाली?" सर म्हणाले.

"मी बघू?" मुलीने विचारलं.

मागे कुणीतरी हसलं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बघा, इंजिनिअरबाई. सापडलं तर गाडीखालची कामं सोमवारपासून तुमची. नाही सापडलं, तर पुढे बसून बिलं लिहायची. अक्षर चांगलं आहे तुमचं."

आईचा हात पर्सवर गेला. बिलं काय नि विमा काय, टेबल ते टेबलच. आता फक्त हिला काही सापडू नये, एवढंच. असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"मागे माणसं बसली की जास्त थरथरते," सरांनी सांगितलं.

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. "आई, मागे बस."

"मी? कशाला?"

"वजन हवंय."

"माझंच मिळालं का गं तुला?"

पण ती बसली. मुलीने तिला मधल्या उंचवट्यावर पाय ठेवायला सांगितले, चप्पल काढून. "याच्या खालून शाफ्ट जातो. थरथर कधी सुरू होते आणि कधी थांबते, तेवढं सांग. घाबरून नाही, नीट."

घाबरणाऱ्या माणसाला एक कला येतेच: त्याचं बारीकसारीक गोष्टींवर लक्ष असतं. मुलगी चालवायला बसली, सर तिच्या शेजारी, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आईने दोन्ही सीटच्या मधून वेगाच्या काट्यावर नजर लावली. "चाळीस, काही नाही. पन्नास... आली! साठ, अगं गुडघ्यापर्यंत आली!"

मुलीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला.

"आता?"

"आहे. तशीच आहे."

"म्हणजे इंजिन नाही," मुलगी सरांना म्हणाली. "गाडी नुसती घरंगळतेय, तरी थरथरतेय. चाकं तर पाहून झालीत. मग मध्ये उरलं काय?"

परत आल्यावर गाडी जॅकवर चढली. आईने स्टँड मोजले. चार. मग पुन्हा मोजले. मुलगी पाठीवर सरकत खाली गेली आणि आईने तिसऱ्यांदा मोजले. खाली मुलगी शाफ्ट हाताने इकडेतिकडे फिरवून पाहत होती. क्रॉस घट्ट होते, कुठे ढिलं नाही, कुठे खडखड नाही. मागचा तो हसणारा पुन्हा हसला. आईला वाटलं, संपलं.

"टॉर्च द्या कुणीतरी," खालून आवाज आला. मग, "मिस्त्री, जरा येता?"

मोठे मिस्त्री गुडघे धरत वाकले आणि गाडीखाली शिरले. मुलीने टॉर्चचा झोत आधी पुढच्या टोकावर टाकला, मग मागच्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेचक्यासारखे दोन-दोन कान असतात. ते एका रेषेत हवेत, म्हणजे एकाचा हिसका दुसरा पोटात घेतो. इथे पुढचे कान सरळ उभे होते आणि मागचे तिरके.

"शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मधोमध दात्यांवर जोडलाय," मुलगी म्हणाली. "काढून परत बसवताना दोन दाते चुकलेत."

तो शाफ्ट कुणी बसवला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत मोठ्या मिस्त्रींनी कधी जोडावर आधी खूण करून शाफ्ट उघडला नव्हता. खुणा शिकाऊ लोकांना लागतात, असं ते ऐटीत सांगत.

"कोणी बसवला हा?" त्यांनी विचारलं.

आईने डोळे मिटले.

"ते कसं सांगू?" मुलगी म्हणाली. "त्यावर कुणाची खूणच नाही."

मग गाडीखालून मिस्त्रींचं हसू ऐकू आलं, आधी खोकल्यासारखं, मग मोठ्याने. "चार बोल्ट आहेत मागे. काढ. मी हात लावणार नाही."

तिने बोल्ट काढले, शाफ्ट ओढला, दोन दाते फिरवून कान एका रेषेत आणले आणि परत बसवला. मग खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि जोडावर आडवी रेघ मारली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आई बघतच राहिली. म्हणजे हे नटणं होतं होय!

दुसऱ्या फेरीला मोठे मिस्त्री स्वतः मागे, आईशेजारी बसले. "वजन वाढलं," ते म्हणाले. पन्नास झाले. साठ झाले. सत्तर. आईचे अनवाणी पाय उंचवट्यावर होते आणि तळव्यांना लोखंडाची नुसती ऊब लागत होती.

"काकू, बोला की," मिस्त्री म्हणाले.

"काय बोलू? काही होतच नाहीये!"

पुढच्या सीटवर सरांनी रेडिओ लावला आणि लगेच आवाज कमी केला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो त्यांना जास्त झाला होता.

उतरताना मिस्त्रींनी गाडीखालची कामं लिहायची पाटी मुलीच्या हातात दिली. "सोमवारपासून. आणि ती बाटली कुठे मिळते, लिहून दे. लाल नको पण."

"मिस्त्री, मला गुलाबी चालेल!" मघाचा तो हसणारा म्हणाला. निघताना तो तिला 'इंजिनिअरबाई'च म्हणाला, फक्त या वेळी उठून उभा राहत.

घरी आल्यावर मुलगी मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात घासत बसली, मोठमोठ्याने कसलंसं गाणं म्हणत. आईने पर्समधून अर्ज काढला. त्याची घडी मोडली नव्हती. सोमवारपासून ही गाडीखाली एकटीच असणार. स्टँडचं विचारायचं आई सोडणार नव्हतीच, उलट आता दोनदा विचारेल. पण तिच्या तळव्यांना अजून ती शांतता आठवत होती.

भाऊ चिडणार, हे नक्की. "तूच म्हणाली होतीस ना, सही करेल!" असं म्हणणार, आणि ते खरंच होतं. संध्याकाळ व्हायला अजून पाऊण तास होता. चूक आपली, तर ती सांगायचीही आपणच. तिने अर्ज चहाच्या डब्याखाली सरकवला, चष्मा लावला आणि भावाचा नंबर शोधायला फोन हातात घेतला.