ओवीच्या खांद्यामागे

आधीच सांगतो, असल्या गोष्टींना मी हसणारा माणूस. जळगावला एका डाळमिलमध्ये मशिनरी बघतो. कुठं खडखड झाली की बेअरिंग बघा, पट्टा बघा, कारण सापडतंच. हे लिहितोय ते कुणीतरी मला कारण सांगावं म्हणून... हसलात तरी चालेल.

आमचा पोपट मिठू. चार वर्षांपूर्वी वादळात निंबावरून पडलेलं पिल्लू बायकोने ड्रॉपरने भरवून जगवलं. पण त्याचा जीव माझ्या मुलीवर, ओवीवर. ती आता सात वर्षांची आहे. तिच्या खांद्यावर बसायचं, तिच्याच ताटातलं खायचं. मला साहेबांनी कधी भाव दिला नाही.

गेल्या महिन्यात पहूरला माझे काका, नाना, वारले. मी दारावर गेलो, म्हणजे दुखवट्याला भेटायला. लहान पोरांना तिथं नेत नाहीत. पण बायकोची ड्यूटी होती, घरी कुणी नव्हतं, म्हणून ओवीला नेलं. माझीच अक्कल! अशा घरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं, गुपचूप निघायचं असतं. हे तिला सांगायचं राहिलं. आणि आमचं शहाणं कार्टं दारात थांबून नानांच्या फोटोला हात हलवत म्हणालं, "नाना, येते हं! तुम्ही पण या जळगावला!"

बसलेल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. काकू तेवढ्या म्हणाल्या, "असं म्हनू नही व माय!" मी कसंनुसं हसलो आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी होतो. ओवी शाळेतून आली, दप्तर ठेवलं — आणि मिठू उडाला तो थेट तिच्या तोंडावर. पोपट असा किंचाळतो हे मला माहीत नव्हतं. डोळ्याच्या जरा खाली जखम झाली. डोळाच गेला असता हो पोरीचा!

पुढचे चार दिवस तेच. मला काही नाही, बायकोला काही नाही... फक्त ओवी दिसली की. पिंजऱ्यात कोंडला तर जाळीवर डोकं आपटून रक्त काढलं त्याने. ओवी दाराआडून रडायची, "मिठू, मी काय केलं रे?"

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, विणीचा हंगाम असेल, हार्मोन्स असतील, एखादा रंग खटकत असेल. मला हायसं वाटलं. चला, बेअरिंग सापडलं! तेवढ्यात त्यांनी व्हिडिओ हळू करून पुन्हा लावला.

"थांबा. हा मुलीला चावतच नाहीये. चोच बघा — तिच्या खांद्यावरून मागे हाणतोय. ती मध्ये येते म्हणून तिला लागतंय. तिच्या मागे कोण उभं होतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. खरंच कोणी नव्हतं. आणि मला ओवीचं 'तुम्ही पण या' आठवलं.

मिलला दांडी मारून तसाच पहूरला गेलो. काकूंना सगळं सांगितलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मनवर लेऊ नको भाऊ, लेकरू शे ती. बठ्ठं बरं व्हई जाई." पण सगळं बरं होईल म्हटल्याने मला कुठला धीर! आयुष्यात पहिल्यांदा फोटोशी बोललो. हात जोडून म्हणालो, "नाना, पोरीला कळत नाही हो. तिला सोडा. यायचंच असेल तर माझ्याकडे या."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी काय बोलून बसलो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर मिठू ओवीच्या खांद्यावर! निवांत शेंगदाणा फोडत होता. ओवी हसत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. मिठूने मान वळवली... माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघितलं आणि पिसं फुगवली.

मला कानामागे तीन टाके पडले. ओवीची जखम भरलीय, ती मजेत शाळेत जाते, आणि मला तेवढं पुरे आहे. डॉक्टर म्हणतात, हंगाम संपला की थांबेल. थांबेलही. काकूंना फोन केला तर त्या नुसत्या रडतात.

हल्ली मी कुठंही बसलो तरी भिंतीला पाठ टेकवूनच बसतो.