सतराच्या भोकातली धार

माझ्यामुळे एकदा तीन घरांतली माणसं भरल्या ताटावरून उठली. मासळीवालीच्या सुऱ्याला मी तिला न विचारता धार लावून ठेवली होती, एवढंच कारण. म्हणजे गेले होते चांगलं करायला. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे मी चांगलं करायला जाऊनच केलेले आहेत.

तेव्हा आम्ही नवीन पनवेलला, खांदा कॉलनीत नुकते राहायला आलो होतो. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. धाकटे दीर दुबईहून आले. सगळ्यांना सेंटच्या बाटल्या, सासूबाईंना घडीची छत्री, आणि मला, “वहिनी, तुमच्यासाठी खास,” म्हणत एक चपटी पेटी. घरातल्या सुऱ्या टोमॅटो कापत नाहीत, चेपतात, असं मी एकदा पत्रात लिहिलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

पेटीत ॲल्युमिनियमचा एक चिमटा होता, स्क्रूने आवळायचा. त्यात सुरीची पाठ धरायची. चिमट्यावर एक पट्टी उभी, तिला एकावर एक चार भोकं, बाजूला आकडे: सतरा, वीस, पंचवीस, तीस. धारेच्या दगडाला लांब सळई जोडलेली. सळई हव्या त्या भोकात घालायची आणि दगड पात्यावरून ढकलत राहायचा. हात कितीही थरथरू दे, सळई दगडाला वेडावाकडा होऊ देत नाही. आकडा जितका लहान तितका दगड पात्यावर आडवा झोपतो आणि धार तितकी पातळ निघते. पुस्तिकेत इंग्रजीत लिहिलं होतं, सतराचं भोक फक्त पातळ पात्यांसाठी, जाड कामाला तीस. ‘फक्त’ हा शब्द वाचला की मला तेच करावंसं वाटायचं.

आठवडाभरात घरातली प्रत्येक सुरी सतराच्या भोकातून निघाली. टोमॅटोच्या चकतीतून खिडकी दिसायला लागली. धार बघायला मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापत बसायची. हे म्हणायचे, “आजचा पेपर वाचायला मिळणार आहे, की कापून झाला?” शेजारणींकडे जाऊन मी ‘अंश’, ‘कोन’ असे शब्द वापरायला लागले होते. दहावीला भूमितीत जेमतेम पास झालेली बाई मी.

मासळीवाली करंज्याहून यायची. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, मी तिला मावशी म्हणायची. तिचा सुरा चार बोटं रुंद, धार इतकी जाड की बोट फिरवलं तरी कापायचं नाही. मी तिला दोनदा म्हटलं होतं, द्या, धार लावून देते. “ऱ्हाऊ दे ताई,” ती म्हणायची, “माजी हीच बरी हाय.” मला वाटलं, संकोच करते.

त्या दिवशी मासळीची पाटी आणि सुरा आमच्या जिन्याखाली ठेवून ती गुडघ्याला इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेली. तास तरी लागणार होता. मी सुरा उचलला. चिमट्यात त्याची पाठ कशीबशी मावली. सतराच्या भोकातून मी इतका जोर लावून घासला की दगडावर घातलेलं तेल बाहीपर्यंत उडालं. एक गोष्ट मात्र त्या पुस्तिकेनेही मला बजावली नव्हती. ते आकडे अरुंद पात्याचे. पातं रुंद असलं की धार चिमट्यापासून लांब जाते आणि कोन आपोआप आणखी खाली उतरतो. नंतर मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून बघितला, तर बारासुद्धा धड भरेना. सुऱ्याचं मी दाढीचं पातं केलं होतं. पुसून परत जागेवर ठेवला आणि मनात म्हटलं, आता बघ मावशी.

ती आली, जिन्याखालीच बसली. त्या दिवशी एक मोठी सुरमई तीन घरांत वाटायची होती: आम्ही, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, आणि समोरच्या इमारतीतली आठव्या महिन्यातली एक मुलगी. तिची आई बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. पहिला तुकडा आवाज न होता सुटला. मावशीने सुऱ्याकडे पाहिलं, मग माशाकडे. “मासली मऊ हाय आज,” ती म्हणाली. मी दारात उभी राहून हसू दाबत होते. मग मधला जाड काटा आला. तिने नेहमीसारखा सुऱ्यावर लाकडाने ठोका दिला. ठक. आणखी दोन ठोके. तीन घरांचे तीन वाटे झाले आणि ती पुढच्या गल्लीत गेली.

साडेबाराला दार वाजलं. मावशी होती. पाटी नाही, हातात नुसता सुरा, घाम आलेला.

“ताई, माज्या सुऱ्याला हात कोनी लावला?”

धारेची नखाएवढी अर्धी चकती उडालेली होती. मी धार लावल्याचं सांगितलं. कोनाबिनाचं काही बोलले नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “कपची तुमच्या सुरमईत गेली. तिच्यामागून सुरा चालवलाच नाय. कंच्या घरात गेली ते नाय ठाव.”

मागे स्वयंपाकघरात सासूबाईंनी पहिला घास उचलला होता. मी जाऊन ताट ओढलं. “एकतर बारा वाजून जातात,” त्या म्हणाल्या, “वर वाढलेलं काढून घेतेस.” मी प्रत्येक तुकडा फोडून बोटांनी चाचपला. मग सुचलं, शिवणाच्या डब्यात सांडलेल्या सुया उचलायचं लोहचुंबक आहे. ते फिरवलं. काही नाही. पातेल्यातल्या रश्शातही काही नाही. सासूबाई बघतच राहिल्या. सुनेने कालवणात चुंबक बुडवलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मास्तरांकडे ताटं वाढलेली होती, पण मास्तर अजून चित्राहुती घालत होते. त्यांना आणि त्यांच्या बायकोला उठवलं, तुकडे तपासले. तिथेही काही नाही. म्हणजे एकच घर राहिलं.

आम्ही धावत रस्ता ओलांडला. मावशी दुखऱ्या गुडघ्याने पुढे आणि धडधाकट मी मागे. तीन जिने. प्रत्येक वळणावर वाटत होतं, वरून आता किंचाळी ऐकू येणार. पोटातलं बाळ, घशात अडकलेलं पोलाद, तिच्या नवऱ्याला फोन कुठून करायचा, रिक्षा कुठे मिळेल. जिना चढता चढता मी मनात त्या मुलीला तीनदा मारलं.

दार उघडंच होतं. ती पाटावर बसून घास चावत होती.

“गिळू नकोस,” मी ओरडले.

दचकून तिने गिळला.

ती गळ्याला हात लावून माझ्याकडे बघत राहिली. टोचतंय का, मी विचारलं. तिने आधी मान हलवून नाही म्हटलं, मग तिलाच खात्री वाटेना, डोळे भरून आले. ताटात अर्धा तुकडा उरला होता, वाटीत एक अख्खा. मी चुंबक ताटातल्या तुकड्यावरून फिरवलं, काही नाही. वाटीतल्या तुकड्यावरून फिरवलं, काही नाही. घाईत चुंबक दोनदा रश्शात पडलं. मावशीने ते माझ्या हातातून घेतलं, वाटीतला तुकडा उलटा केला, मधला काटा दोन बोटांनी उकलला आणि चुंबक आत टेकवलं.

टक.

तिने कपची पदराला पुसली आणि सुऱ्याच्या खाचेत बसवून बघितली. पुरी बसली. कुठे फट नाही. म्हणजे मुलीच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

मुलीच्या आईला तेव्हा कुठे आवाज फुटला. “गंजकी हत्यारं घेऊन घरोघर फिरता तुम्ही. आठव्या महिन्याची पोर आहे माझी. काही झालं असतं म्हणजे?”

“चुकलं बाय,” मावशी म्हणाली. “सुरा जुना जाला माजा.”

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई माझा हात धरून म्हणाली, “ताई, तुम्ही चुंबक घेऊन धावत आलात म्हणून.” आणि मी, भूमितीची पंडिता, तोंड मिटून घेतलं.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. म्हटलं, “मावशी, मी सांगायला पाहिजे होतं. आत्ता वर जाऊन सांगते.”

कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरत होती. मागे न बघताच म्हणाली, “जाऊ नको. तू सांगलंस तं ती तुज्याशी बोलायची बंद होल. माज्याशी कशी बंद होल? परवाला तिला परत मासली पायजे. चल घरी, माजी धार जाड करून दे मना. त्या यंत्रात नाय. दगडावर, माज्या डोल्यासमोर.”