भिसे खिंडीतला उतार
वायर जळल्याचा वास आला की मला भिसे खिंड आठवते. नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. नवरा कंपनीत फिटर होता. शिफ्टवरून आला की नागोठण्याच्या आमच्या पडवीत बसून तो जाड टायरांच्या सायकलला भंगारातली मोटर आणि बॅटरी जोडत बसायचा. बऱ्याच खटपटीनंतर ती चालली, तेव्हा मला मागे बसवून तो रोह्याला माझ्या माहेरी निघाला. दुपारचं ऊन होतं, दोन्हीकडे वाळलेलं गवत. वाटेतल्या भिसे खिंडीच्या चढावर मोटरने छान ओढलं, पण उतार लागला तरी ती थांबेना. "बटन चिकटलंय गो!" तो ओरडला. त्याने दोन्ही ब्रेक आवळले. रबर करपल्याचा वास सुटला, वेग मात्र वाढतच गेला. तेवढ्यात पुढच्या वळणाआडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. "उडी मार!" तो म्हणाला. "नाय मारणार," मी म्हटलं. बॅटरी माझ्या पायाशीच बांधलेली होती. हाताला पदर गुंडाळून मी वाकले आणि दिसली ती वायर खेचली. ठिणगी उडाली, वायर जळल्याचा वास आला, मोटर बंद पडली आणि आम्ही रस्त्याकडेच्या चरात कोसळलो. एसटी धुरळा उडवत निघून गेली. तो उठून उतरलेली चेन बसवू लागला, पण फिटर असूनही त्याला ती बसवता येईना. शेवटी मी त्याचे हात धरून ठेवले. पुढे तो चारचौघांत माझ्या धाडसाचं कौतुक करायचा. धाडस कसलं आलंय! उडी मारली असती तर त्या वळणावर तो एकटाच गेला असता, आणि आदळण्यापेक्षा मला त्याच गोष्टीची जास्त भीती वाटली होती.